पाळीव यो-यो

त्रुटीसाहेबांनी यो-यो विकत घेतला तो स्वतःसाठी नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. त्यांनी स्वतः ही गोष्ट इमारतीच्या तीन मजल्यांना, कचेरीतल्या बारा टेबलांना आणि बागेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला निरनिराळ्या शब्दांत समजावून सांगितली आहे, आणि एकाचाही विश्वास बसलेला नाही. निदान आपण तरी ठेवावा.

त्रुटीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते उद्यान खात्यात हेडक्लार्क. त्यांच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक अर्जाच्या समासात लाल पेन्सिलीने 'त्रुटी' हा शब्द पडे आणि त्याखाली एक, दोन, तीन असे आकडे. कोणी बिचारा बागेला बाक भेट द्यायला आला, तरी 'बाकास पाय किती, हे नमूद नाही' अशी त्रुटी निघायची. माणूस वाईट नव्हे. चूक दिसली की त्यांना अंगावर मुंगी चढल्यासारखं व्हायचं, एवढंच. कचेरीने ठेवलेलं हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक नसल्याचा आव ते अनेक वर्षं उत्तम सांभाळत होते.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लग्न दोघांनीही केलं नाही. का, ते विचारायचं धाडस इमारतीत कोणाला झालं नाही, आणि आता त्या दोघांनाही नीटसं आठवत नसावं. आक्का अकरा वर्षांनी मोठी आणि विणकामात पंचक्रोशीत पहिली. दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत विणकाम मंडळ भरे. तिथे आक्का खुर्चीत टेकली रे टेकली की बायका आपापले बिघडलेले स्वेटर घेऊन तिच्यापुढे रांग लावत. चार ओळी खाली निसटलेला टाका सुईच्या टोकावर अलगद वर आणावा तो तिनेच.

म्हणजे, तिनेच आणावा असं होतं. मग एक दिवस आक्का स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. ती कपाटावरची लोकरीची पेटी काढायला चढली होती. पेटी कपाटावर ठेवली होती त्रुटीसाहेबांनी. 'बैठकीच्या खोलीत पसारा' ही त्रुटी त्यांनीच काढली होती, आणि तिची पूर्तताही त्यांनीच केली होती. आक्का याबद्दल एका शब्दानेही बोलली नाही. ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना रोज सकाळी तिला डाव्या हाताने कप उचलताना पाहून वाटे.

प्लास्टर निघालं. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आक्काचा हात धरून दाखवलं, "हात उताणा करायचा, मग पालथा. दिवसातून शंभर वेळा. येत्या बारा आठवड्यांत मनगट वळलं तर वळलं. त्यानंतर ते जसं बसेल तसंच राहील."

आक्काने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी तिने सुया हातात घेतल्या, दोन ओळी विणल्या, तिसरीत तीन टाके गळले. तिने सुया शांतपणे खणात ठेवल्या आणि खण लावून टाकला. "कंटाळा आलाय आता विणकामाचा," ती म्हणाली. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू तिने दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरीला दिला. गुरुवारी मंडळाकडून विचारणा आली, तेव्हा घरी पाहुणे आहेत असा निरोप गेला. पुढच्या गुरुवारीही पाहुणे होतेच. ज्या घरात वर्षावर्षात कोणी फिरकत नाही, तिथले पाहुणे चांगले चार गुरुवार मुक्काम ठोकून राहिले.

अशा दिवसांत त्रुटीसाहेब लाल पेन्सिली आणायला दुकानात गेले आणि त्यांनी पाहिलं की दुकानदार गिऱ्हाइकाला एक लाल प्लास्टिकचा यो-यो दाखवतोय. हात उताणा धरून तो खाली फेकत होता, हात पालथा करून झेलत होता. उताणा, पालथा. त्रुटीसाहेब पेन्सिली विसरले.

"हे काय?" आक्काने विचारलं.

"व्यायाम आहे. अगदी सोपा."

"सोपा आहे ना? मग आधी तू करून दाखव, धाकट्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पहिल्या फेकीत यो-यो जमिनीवर आपटून कपाटाखाली गेला. दुसरीत तो परत आला, पण हातात नव्हे, चष्म्यावर. तिसरीत दिव्याचं शेड गेलं. चौथ्या फेकीआधी आक्काने आपली खुर्ची उचलून, डाव्या हाताने, स्वयंपाकघरात नेली आणि दार लोटून घेतलं. "जमलं की हाक मार," आतून आवाज आला.

आता तुम्हीच सांगा, चोपन्न वर्षांच्या हेडक्लार्कने काय करावं? पन्नास पानी निविदेतली स्वल्पविरामाची चूक हुडकणारा माणूस एका खेळण्यापुढे हात टेकणार? आक्काला शिकवायचं तर आधी स्वतःला यायला हवं, हे उघड होतं. म्हणून, केवळ म्हणून, त्यांनी सराव सुरू केला. सकाळी सज्जात, दुपारी जेवणाच्या सुट्टीत कचेरीच्या जुन्या दप्तरखान्यात, संध्याकाळी जिन्यात. जिन्यात सराव म्हटल्यावर सल्ल्याला काय तोटा? पहिल्या मजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले की सगळा जोर खांद्यातून यायला हवा. दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरवाल्या बाई म्हणाल्या की खांदा अजिबात हलता कामा नये, श्वासावर लक्ष ठेवा. दोघांनीही जन्मात यो-यो हातात धरला नव्हता, पण सल्ल्याचं तसं काही अडत नाही. त्रुटीसाहेबांनी दोन्ही सल्ले एकाच वेळी अमलात आणले आणि दोरी तुटली.

यो-यो सज्जातून थेट खाली गेला. तळमजल्यावरचे टर्नरकाका अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. तो त्यांच्या साबणाच्या भांड्यात पडला. पाचव्या मिनिटाला अर्ध्या गालावर फेस घेऊन काका तिसऱ्या मजल्यावर दारात उभे. हातात यो-योची दोन शकलं. त्रुटीसाहेबांनी माफीचं वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण काका वेगळ्याच गोष्टीवर भडकले होते.

"याचा तोल पाहिलात? ही बाजू जड, ही हलकी. हे काय माल काढणं झालं? कोणी कातलाय हा?"

काकांनी चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवला होता. निवृत्तीनंतरही दर शनिवारी ते जुन्या कारखान्यात जाऊन बसत, कारण घरात त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एकही गोष्ट सरळ नव्हती. त्या शनिवारी त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो कातून आणला. तो इतका देखणा होता की त्रुटीसाहेबांनी तो दोन दिवस नुसता टेबलावर ठेवला. पुढच्या शनिवारी काकांच्या जोडीदारांनी पितळेचा एक कातला, मग एकाने पोलादाचा. या मंडळींना खेळण्यात काडीचा रस नव्हता. ते यो-यो फिरवत आणि घड्याळ लावून बसत. कोणाचा किती सेकंद फिरतो यावरून दोन जुने मित्र आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते.

सेकंद वाढवायचे तर आत बेअरिंग हवं, असं एकमताने ठरलं. आणि नेमकं लहान, हलकं, गुळगुळीत बेअरिंग मिळावं कुठे, तर चाकांच्या फळीवर उभं राहून बागेच्या पायऱ्यांवरून उड्या मारणाऱ्या तरुण मंडळींकडे. म्हणजे ज्यांना 'पायऱ्यांची झीज होते' या कारणावरून त्रुटीसाहेबांनी तीनदा नोटीस काढली होती, त्यांच्याकडे.

ते गेले. मान खाली घालून गेले. पायरीवर हिरवे केस केलेली एक मुलगी बसली होती. दिवसा ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असे. संध्याकाळी इथे.

"तुमची सही आहे माझ्याकडे," ती म्हणाली आणि तिने फळी उलटी केली. खालच्या बाजूला तिन्ही नोटिसा व्यवस्थित चिकटवलेल्या होत्या. "तिसरीवर तारीख चुकली आहे, काका."

तारीख खरोखरच चुकली होती. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण ते पुढचं. मुलीने त्यांना दोन बेअरिंगं दिली, ती स्पिरिटमध्ये कशी धुवायची ते शिकवलं, आणि मग यो-यो मागून घेतला. ती डावखुरी होती. डाव्या हाताने तिने तो असा काही फेकला की तो खाली जाऊन नुसता गुणगुणत राहिला. मग तिने तो जमिनीवर टेकवला आणि तो तिच्या पुढे पुढे चालू लागला. "याला कुत्रा फिरवणं म्हणतात," ती म्हणाली. आठ दिवसांत पायऱ्यांवरच्या निम्म्या मंडळींच्या खिशात काकांच्या मित्रांनी कातलेले यो-यो आले, आणि कारखान्यातल्या पासष्टीच्या चार म्हाताऱ्यांनी आपल्या फिरत्या स्टुलांची चाकं काढून स्पिरिटमध्ये बुडवली. कोण कोणाकडून काय शिकतंय, याचा हिशोब लागेना.

अडचण उरली दोरीची. दुकानातली दोरी दिवसाला एक तुटे. त्रुटीसाहेबांनी सगळा दोष तिच्यावर ढकलला. नाचता येईना, अंगण वाकडं, असं आक्का दाराआडून म्हणालीही. तळ्याकाठी गळ टाकून बसणाऱ्या मंडळींपैकी एकाने, जो सहा महिन्यांत एखादंच वाक्य बोलत असावा, आपणहून नायलॉनचा दोरा देऊ केला. दोरा तुटला नाही. तुटलं ते त्रुटीसाहेबांचं मधलं बोट. दोरीचा फास जिथे बसतो, तिथे लालभडक चरा पडला.

संध्याकाळी ते बोटाला पट्टी गुंडाळत बसले होते. आक्का शेजारून जाता जाता थांबली. टेबलावरची तुटलेली दोरी तिने चिमटीत धरली, डोळ्यांजवळ नेली, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो फार दिवसांत आला नव्हता. कोणाचा तरी चुकलेला स्वेटर पाहिल्यावर येई तो.

"ही दोरी आहे?" ती म्हणाली. "याला पीळ कुठे आहे? एकेरी दोरा आणि वर खळ. तुटेल नाही तर काय करेल?"

"मग कशी हवी?"

"बस तिकडे. हे टोक धर."

तिने पेटीतून सुती धागा काढला. पेटी आता कपाटावर नव्हती, खुर्चीशेजारी जमिनीवर होती. ती तिथे कोणी आणून ठेवली यावर घरात चर्चा झाली नव्हती. धाग्याचं एक टोक भावाच्या हातात देऊन ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि डाव्या हाताच्या चिमटीत दुसरं टोक पिळत राहिली. पीळ पुरेसा चढल्यावर तिने धागा मधोमध दुमडला, आणि तो आपणहून स्वतःभोवती गुंडाळून घट्ट दोरी झाला. टोकाला तिने बोटासाठी फास घातला. "हा तर विणकामातला पहिला टाका," ती म्हणाली. "तुमच्या खेळात नवीन काही नाही."

त्रुटीसाहेब तिच्या उजव्या हाताकडे पाहत होते. तो मांडीवर पडून होता.

"उजव्या हाताने पिळ ना जरा," ते म्हणाले.

"डावा पुरतो," आक्का म्हणाली, आणि विषय संपला. बारापैकी सहा आठवडे गेले होते.

दोरी मात्र फक्कड होती. खोट एकच. त्रुटीसाहेबांच्या उजव्या हातात दर वीस फेकींनंतर तिचा पीळ सुटून ती सैल पडे. मग ती लोंबती सोडून पुन्हा पीळ चढवावा लागे. हिरव्या केसांच्या मुलीलाही त्यांनी आक्काच्या काही दोऱ्या दिल्या होत्या. तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "माझ्या हातात तर घट्ट राहतात. डाव्या हाताने वळल्यात या. डावखुऱ्या माणसाच्या फेकीने यांचा पीळ वाढतो, तुमच्या फेकीने सुटतो. ज्यांनी केल्यात त्यांना सांगा, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हाताचा विचार केलाय." त्रुटीसाहेबांनी निरोप पोचवला. दुसऱ्या दिवशी आक्काने सुती धाग्याची चार रिळं मागवून घेतली. पायऱ्यांवरून मागणी, कारखान्यातून मागणी. गळवाल्यांनाही पिशव्यांना बांधायला तसलीच दोरी हवी झाली. आक्का दिवसभर खिडकीच्या कडीला धागा अडकवून वळत बसू लागली.

अशात टर्नरकाकांनी टूम काढली की एका रविवारी सगळ्यांनी बागेत जमावं. कारखानेवाल्यांना सेकंद मोजायचे होते, पायऱ्यांवरच्यांना करामती दाखवायच्या होत्या. रविवार उजाडला, मंडळी फाटकाशी आली आणि पहारेकऱ्याने फलकावर काठी ठेवली.

"नियम चौदा," तो म्हणाला. "दोरी, सुतळी वा तत्सम साधनाच्या टोकास बांधून हवेत फिरविण्यात येणारी कोणतीही वस्तू बागेत आणण्यास सक्त मनाई आहे."

वीस माणसं त्रुटीसाहेबांकडे वळली. नियम त्यांनीच लिहिला होता. पंधरा वर्षांपूर्वी एका इसमाने दोरीला चप्पल बांधून झाडावरची फळं पाडली होती, आणि वस्तू म्हणजे चप्पल एवढंच लिहिलं असतं तर उद्या कोणी बूट बांधेल, म्हणून त्रुटीसाहेबांनी जाळं जरा लांबवर फेकलं होतं. आता त्यात ते स्वतःच सापडले.

परवानगीचा अर्ज करणं आलं. त्यांनी तो नागरिक या नात्याने केला, आणि सोमवारी साडेदहा वाजता तो हेडक्लार्क या नात्याने त्यांच्याच टेबलावर आला. दुसरा कोणी असता तर शिक्का मारून मोकळा झाला असता. त्रुटीसाहेबांनी तो दोनदा वाचला. नाइलाज होता. त्रुटी एक: सहभागी व्यक्तींची संख्या 'बरेच जण' अशी नमूद आहे. त्रुटी दोन: उद्देशाच्या रकान्यात 'आनंद' लिहिले आहे, असा उद्देश मान्य यादीत नाही. त्रुटी तीन: अर्जदाराची सही नमुना सहीशी जुळत नाही. बोटाला पट्टी होती, कशी जुळणार? अर्ज परत गेला. टपाल शिपायाने पाकीट टेबलाच्या डाव्या कडेवरून उचललं, उजव्या कडेवर ठेवलं, आणि पोच म्हणून सही मागितली. दुसऱ्यांदा अर्ज आला तेव्हा आणखी एक त्रुटी निघाली. तिसऱ्यांदा उद्यान अधीक्षकांनी त्यांना आत बोलावलं.

"तुम्हाला बरं आहे ना?" अधीक्षकांनी विचारलं.

"हो साहेब."

"तुम्ही स्वतःला स्मरणपत्र पाठवलंय. कडक शब्दांत."

बारा टेबलांवरची बारा डोकी दोन दिवस फायलींमागे हलत होती. त्रुटीसाहेबांनी मान ताठ ठेवली, पण मन खट्टू झालं. संध्याकाळी ते फाटकाशी जाऊन नुसते उभे राहिले.

"साहेब," पहारेकरी म्हणाला, "नियम नऊ घ्या ना."

"नऊ? नऊ पाळीव प्राण्यांचा आहे."

"तोच. दोरी दीड मीटरच्या आत आणि दुसरं टोक मालकाच्या हातात असेल, तर पाळीव प्राण्याला मुभा आहे. आता प्राणी म्हणजे काय, ते तुम्ही कुठे लिहिलंच नाहीये. पंधरा वर्षं हा फलक वाचतोय मी. दिवसाला दहादा."

पंधरा वर्षं भर चौकात, स्वतःच्या हातची त्रुटी, तीही हिरव्या रंगात ठळक अक्षरांत टांगलेली. त्रुटीसाहेब फलकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली, थोडा विचार केला, आणि परत ठेवली. बुधवारी परवाना निघाला: पाळीव, बावीस नग, दोरीसह. पहारेकऱ्याने नोंदवहीत प्रत्येकाची नोंद केली. 'चावतो का?' या रकान्याशी तो अडला, तेव्हा त्रुटीसाहेबांनी आपलं मधलं बोट वर करून दाखवलं. त्याने 'होय' लिहिलं.

आक्का यायला तयार नव्हती. विणकाम मंडळातल्या बायका येणार होत्या, दोऱ्या पाहायला. "मला तिथे काय काम?" ती म्हणाली. अकरावा आठवडा होता. सकाळी तिने दोऱ्यांची नवी पिशवी भावाच्या हातात दिली. "आधीच्या संपल्या असतील. या घेऊन जा. आणि पँट मळवू नकोस."

बागेत टर्नरकाकांच्या मंडळींनी घडीचं टेबल मांडलं होतं. तळ्याकाठची मंडळी गळ सोडून आली होती आणि इथेही गप्पच बसली होती. मंडळातल्या तीन बायकांनी त्रुटीसाहेबांना गाठलं. "काय हो, पाहुणे गेले का?" लेखी कधी खोटं न लिहिलेला तो माणूस तोंडी म्हणाला, "अजून आहेत."

नवी दोरी लावून त्यांनी खेळायला सुरुवात केली. वीस फेकी झाल्या, दोरी सैल पडली नाही. तीस झाल्या, चाळीस झाल्या. आपला हात बसला अशी त्यांची खात्री झाली, आणि माणसाला एकदा अशी खात्री झाली की पुढचं विचारायला नको. त्यांनी यो-यो जमिनीवर टेकवला आणि सगळ्यांदेखत कुत्रा फिरवायला काढला. चांगली दहा पावलं तो शहाण्यासारखा चालला. त्याच वेळी अधीक्षकसाहेब आपल्या खऱ्या कुत्र्याला घेऊन समोरून आले.

खऱ्या कुत्र्याने चकचकीत यो-योकडे एकदा पाहिलं, तो तोंडात धरला आणि धूम ठोकली. दोरीचा फास त्रुटीसाहेबांच्या बोटात होता. दोरी तुटती तर सुटले असते. ती तुटली नाही. 'येथे पाय ठेवू नये' या पाटीला वळसा घालून, फुलांच्या वाफ्यातून, एक हात पुढे केलेले त्रुटीसाहेब धावत गेले. तळ्याच्या काठाशी गळवाल्यांपैकी एकाने कुत्र्यापुढे आमिषाचा डबा उघडून धरला, तेव्हा कुठे सुटका झाली. वाफ्याची किती झाडं मोडली, हे अधीक्षक मोजत होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

हिरव्या केसांची मुलगी धावत आली. तिने आधी त्यांचं बोट पाहिलं, मग दोरी. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, बरं झालं भेटलात. तक्रार होती. या वेळच्या दोऱ्या बिघडल्यात. सकाळपासून माझ्या हातात सैल पडतायत. आम्हा सगळ्या डावखुऱ्यांच्या. पीळ उलटा दिलाय यांना."

"उलटा?"

"म्हणजे तुमच्यासारख्यांना सुलटा. तुमच्या सैल नाही ना पडल्या? या कोणीतरी उजव्या हाताने वळल्यात."

त्रुटीसाहेबांनी दोरी हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. पीळ दुसऱ्या बाजूने चढत गेला होता, सगळ्या दोरीभर, एकसारखा. त्यांनी पिशवीतली दुसरी काढली, तिसरी काढली. मग ते ओल्या गवतावर बसले. आयुष्यात त्यांच्याकडे हजारो तक्रारी आल्या होत्या. एवढी चांगली बातमी घेऊन एकही आली नव्हती. डोळे भरून आले आणि ते लपवावेत असंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"काका, दुखतंय का?" मुलीने विचारलं.

"तक्रार बरोबर आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर आहे." आणि अधीक्षकांना काही न सांगता ते फाटकातून बाहेर पडले.

तीन जिने ते धापा टाकत चढले. दार उघडलं, तेव्हा आक्काने काहीतरी चटकन उशीखाली सरकवलं. सुईचं टोक बाहेर राहिलं.

"पँट," ती म्हणाली.

"डावखुऱ्यांची तक्रार आली आहे."

आक्काने उशी सारखी केली. मग म्हणाली, "डावा हात दुखायला लागला होता. एवढ्या दोऱ्या एका हाताने होतात का? म्हणून मधून मधून उजव्याने केल्या. त्यात सांगण्यासारखं काय आहे?" तिने उशीखालून ती वस्तू काढली आणि त्यांच्यासमोर टेबलावर टाकली. "घे. बोटाचं काय करून घेतलंयस बघवत नाही. दोरी यावरून अडकव."

करड्या लोकरीचा एका बोटाचा मोजा होता तो. जेमतेम दोन इंच. एका बाजूला कड वर गेली होती, मध्ये एक टाका गळून परत उचललेला दिसत होता, आणि टोक थोडं वाकडं होतं. आक्का खिडकीबाहेर पाहत होती.

"काढ त्रुटी," ती म्हणाली. "मला दिसतायत. तू पण काढ. खोटं मात्र बोलू नकोस."

त्रुटीसाहेबांनी चष्मा पुसला. मोजा उजेडात धरला, आतून बाहेरून पाहिला. मग चिखलाने भरलेल्या, सोललेल्या बोटावर हळूच चढवला.

"त्रुटी एक आहे," ते म्हणाले. आवाज कचेरीतला ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. "बोटं दहा असताना एकच सादर केलेलं आहे. उरलेली नऊ आठ दिवसांत सादर करावीत."

आक्काने वळून पाहिलं. "आठ दिवसांत कशी होतील? तीन दिवस गेले या एकाला."

"मुदतवाढ मिळेल. पण अर्ज करावा लागेल."

"अर्ज कोणाकडे करायचा? तुझ्याकडे? म्हणजे मी मरेपर्यंत होणार नाही." तिने सुया उचलल्या, उजव्या हाताने, आणि लोकरीच्या पेटीत ठेवून झाकण लावलं. "ती पेटी गुरुवारी तेवढी वाचनालयात पोचव. इथे तुझी कटकट ऐकत माझ्याच्याने विणवणार नाही."

"आणि पाहुणे?"

"गेले," आक्का म्हणाली. "जा, पँट बदल आता."